सत्येंद्रनाथ टागोर

सत्येंद्रनाथ टागोर (जन्म : १ जून १८४२, कोलकाता, मृत्यू : ९ जानेवारी १९२३) हे भारतीय सनदी सेवेच्या (आय.सी.एस.) स्पर्धा परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय होते. बंगाली लेखक, अनुवादक, गीतकार आणि स्त्रीसुधारणेचे पुरस्कर्ते म्हणूनही ते ओळखले जातात. त्यांची जवळजवळ सर्व शासकीय सेवा तत्कालीन मुंबई इलाख्यात झाली. कवी रवींद्रनाथ टागोर हे त्यांचे धाकटे बंधू होत.

प्रारंभिक जीवन

सत्येंद्रनाथांचा जन्म कोलकात्यातील जोडासाँको येथील टागोर घराण्यात झाला. ब्राह्मो समाजाचे नेते महर्षी देवेंद्रनाथ टागोर आणि शारदादेवी यांचे ते दुसरे पुत्र. उद्योगपती द्वारकानाथ टागोर हे त्यांचे आजोबा होत. घरातील वातावरणामुळे संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले. हिंदू स्कूलमधून १८५७ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्याच प्रवेश परीक्षेत ते पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. पुढील शिक्षण त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात घेतले. १८५९ मध्ये त्यांचा विवाह ज्ञानदानंदिनीदेवी यांच्याशी झाला. त्याच वर्षी वडील आणि केशवचंद्र सेन यांच्यासमवेत त्यांनी सिंहलद्वीपाचा (आजचे श्रीलंका) प्रवास केला.

परीक्षेची पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात वरिष्ठ नेमणुका संचालकांच्या शिफारशीने होत आणि निवडलेल्या तरुणांना इंग्लंडमधील हेलीबरी येथील महाविद्यालयात शिक्षण दिले जाई. १८५३ च्या सनदी कायद्याने ही शिफारस पद्धत रद्द केली. थॉमस मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये नव्या परीक्षेचा आराखडा तयार केला आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली.

कायद्याने ही परीक्षा भारतीयांनाही खुली होती. प्रत्यक्षात मात्र अडचणी अनेक होत्या. परीक्षा केवळ लंडनमध्ये होत असल्याने प्रवासाचा आणि तेथील वास्तव्याचा मोठा खर्च करावा लागे. समुद्रपर्यटन हिंदू समाजात निषिद्ध मानले जाई. परीक्षेतील कोणताही विषय सक्तीचा नसला तरी समितीने सुचवलेल्या गुणांमध्ये इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहास यांना १५००, गणिताला १०००, ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५०, तर संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५ गुण होते. त्यामुळे इंग्लंडमधील शाळांत ग्रीक-लॅटिन शिकलेल्या उमेदवारांचे पारडे आरंभापासूनच जड असे.

परीक्षेची तयारी व निवड

या परीक्षेला बसण्याचा विचार सत्येंद्रनाथांच्या मनात रुजवण्यात त्यांचे मित्र मनमोहन घोष यांचा मोठा वाटा होता. १८६२ मध्ये दोघेही एकत्र इंग्लंडला गेले. पत्नीलाही सोबत नेण्याची सत्येंद्रनाथांची इच्छा होती; परंतु देवेंद्रनाथांनी संमती दिली नाही. परदेशात अपरिचित अभ्यासक्रमाची तयारी करत असतानाही ते पत्रांतून पत्नीच्या शिक्षणाचा आग्रह धरत राहिले.

१८६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांची निवड झाली. निवडीनंतर उमेदवारांना इंग्लंडमध्येच कायदा, भारतीय भाषा आदी विषयांचे परिवीक्षाकालीन शिक्षण घ्यावे लागे. ते पूर्ण करून १८६४ च्या अखेरीस ते भारतात परतले. मनमोहन घोष यांना मात्र यश मिळाले नाही. ते बॅरिस्टर होऊन परतले आणि कोलकात्यात नामवंत वकील बनले. ही स्पर्धा भारतीय उमेदवारांना कशी प्रतिकूल आहे, याविषयी घोष यांनी पुढे एक पुस्तिकाही लिहिली.

मुंबई इलाख्यातील सेवा

सत्येंद्रनाथांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. काही महिने मुंबईत घालवल्यानंतर १८६५ मध्ये ते अहमदाबादला रुजू झाले. पुढे न्यायखात्यात त्यांनी अहमदाबाद, कारवार, सोलापूर, सातारा अशा अनेक ठिकाणी काम केले. सेवेच्या निमित्ताने ते मराठी आणि गुजराती भाषा शिकले. मुंबईतील प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा स्नेह होता. तीन दशकांहून अधिक सेवा होऊनही ते जिल्हा न्यायाधीशाच्या पदापलीकडे गेले नाहीत. १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले.

त्यांच्या बदल्यांमुळे रवींद्रनाथांचाही पश्चिम भारताशी संबंध आला. १८७८ मध्ये इंग्लंडला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ अहमदाबादेत शाहीबाग येथील सत्येंद्रनाथांच्या निवासस्थानी राहिले. त्यानंतर इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी सत्येंद्रनाथांनी त्यांना मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी ठेवले. कारवार आणि सोलापूर येथील वास्तव्यातही रवींद्रनाथांनी लेखन केले.

स्त्रीसुधारणा

पडदा पद्धतीला सत्येंद्रनाथांचा तीव्र विरोध होता. नोकरीवर रुजू होताना त्यांनी ज्ञानदानंदिनीदेवींना मुंबईला आणले. त्या काळी बंगाली स्त्रियांचा घरातील पेहराव बाहेर वावरण्यास सोयीचा नव्हता. मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून ज्ञानदानंदिनीदेवींनी ती काही बदलांसह स्वीकारली. ती बंगालमध्ये ‘ब्राह्मिका साडी’ म्हणून रूढ झाली. १८७७ मध्ये पतीविना, मुलांना घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. त्यांची कन्या इंदिरादेवी चौधुराणी पुढे लेखिका आणि संगीततज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध झाल्या.

लेखन

हिंदू मेळ्यासाठी सत्येंद्रनाथांनी लिहिलेले ‘मिले सबे भारत संतान’ हे गीत बंगालमधील आरंभीच्या राष्ट्रगीतांपैकी एक मानले जाते. संत तुकारामांच्या अभंगांचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले. ‘बोंबाई चित्र’ या ग्रंथातून त्यांनी पश्चिम भारतातील समाजजीवनाची ओळख बंगाली वाचकांना करून दिली. भगवद्गीता व मेघदूत यांचे बंगाली अनुवाद, ‘बौद्धधर्म’ आणि ‘आमार बाल्यकथा ओ बोंबाई प्रवास’ हे त्यांचे इतर लेखन होय. देवेंद्रनाथांच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद त्यांनी इंदिरादेवींसह केला.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर ते कोलकात्यात स्थायिक झाले. १८९७ मध्ये नाटोर येथे भरलेल्या बंगाल प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. परिषद सुरू असतानाच १२ जूनच्या मोठ्या भूकंपाने तिच्यात व्यत्यय आला. बंगीय साहित्य परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९२३ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

परीक्षेच्या इतिहासातील स्थान

सत्येंद्रनाथांच्या यशानंतर लगेच भारतीयांना मार्ग मोकळा झाला नाही. कमाल वयोमर्यादा १८६६ मध्ये २१, तर १८७८ पासून १९ वर्षे करण्यात आली. १८६९ मध्ये रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे चार भारतीय उत्तीर्ण झाले. त्यांपैकी बॅनर्जी व ठाकूर यांची निवड वयाच्या नोंदीवरून अडवली गेली आणि दाद मागितल्यावरच ती मान्य झाली. परीक्षा इंग्लंडप्रमाणे भारतातही घ्यावी, अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८५ मधील मुंबईच्या पहिल्याच अधिवेशनात केली. भारतात ही परीक्षा प्रथम १९२२ मध्ये झाली. सत्येंद्रनाथांनी लंडनमध्ये परीक्षा दिल्याला तेव्हा जवळजवळ साठ वर्षे लोटली होती आणि त्यांच्या मृत्यूस जेमतेम काही महिने उरले होते.