सर रिचर्ड टेंपल आणि एक पौंड धान्य

सायखेड्याला गोदाकाठी कांद्याचा लिलाव ऐकत आम्ही वाढलो. भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो, हे इथे पोरांनाही ठाऊक असते. पण हाच नियम पुढे करून एकेकाळी लाखो माणसांना उपाशी ठेवले गेले. तो राबवणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांचे चरित्र म्हणूनच आपण वाचले पाहिजे.

टेंपल यांचा जन्म १८२६ चा. कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या इंग्लंडमधील हेलीबरी कॉलेजात ते शिकले. त्यांच्या आधी, १८०५ ते १८३४, तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि शेवटी दुष्काळ तो हिशेब जुळवतो, असा त्यांचा सिद्धांत. त्याहीआधी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथ यांनी मांडले होते की टंचाईत भाव चढले की लोक जपून खातात आणि धान्य पुरते. सरकारने हात घातला तर टंचाईचा दुष्काळ होतो. ज्याच्या हाती पैसाच नाही त्याने काय जपून खायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

१८७४ च्या बिहारमधील दुष्काळात टेंपल यांनी हे शास्त्र बाजूला ठेवले. ब्रह्मदेशातून तांदूळ आणून वाटला. फार थोडे लोक दगावले. शाबासकीऐवजी उधळपट्टीचा ठपका मात्र आला.

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना मद्रास आणि मुंबई इलाख्यांतला दुष्काळ पाहायला पाठवले. खर्च वाचवायचा, बाजाराला हात लावायचा नाही, हे धोरण. टेंपल बदलले. दिवसभर राबणाऱ्या मजुराला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडे पैसे, एवढीच मजुरी त्यांनी ठरवली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे अपुरे असल्याचे बजावले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. धान्य मात्र इंग्लंडला जातच राहिले. दुष्काळाने ५० लाखांहून अधिक बळी घेतले. सर्वांत आधी मेले ते भूमिहीन आणि गावकुसाबाहेरचे.

त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. आपला नाशिक जिल्हाही त्यांच्याच अमलाखाली आला. १९०२ मध्ये ते वारले.

त्याच १८७७ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई सत्यशोधकांना घेऊन धनकवडीच्या बालाश्रमात दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घालत होते. सत्ता, तिजोरी, रेल्वे यांतले काही त्यांच्या हाती नव्हते. टेंपल यांच्याकडे सगळे होते, आणि माणसे कशी वाचवायची हेही त्यांना ठाऊक होते. आमचा त्यांच्यावर आरोप आहे तो हाच.