कुंपणच शेत खाते तेव्हा : डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात व आमसुलाचे पाणी लावतात. डॉक्टर त्याला बहुधा ‘ॲलर्जी’ म्हणतात. हा शब्द जगाला देणाऱ्या डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांचे चरित्र मोठे उद्बोधक आहे.

१२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळ त्यांचा जन्म झाला. प्रथम ते धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान शिकले. परंतु त्यांचा ओढा वैद्यकाकडे होता. १९०० साली ते ग्राझ येथे डॉक्टर झाले व पुढे व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात काम करू लागले.

त्या काळी घटसर्प म्हणजे मुलांचा यमच! घोड्याच्या रक्तातील प्रतिविषयुक्त द्रव टोचला की मूल वाचे. पण आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येई, पुरळ उठे, सांधे सुजत. पुन्हा टोचल्यास हाच त्रास लवकर उद्भवे. पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांनी १९०५ मध्ये ग्रंथ लिहून याची मीमांसा केली. परक्या द्रव्याविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये तयार करते. दोहोंची गाठ पडली की त्या झटापटीत शरीरच होरपळते. दुसऱ्या वेळी शरीर आधीच सावध असल्याने विलंब लागत नाही. १९०६ मध्ये ‘अन्य’ व ‘कार्य’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी ‘ॲलर्जी’ हे नाव योजले.

१९०७ मध्ये त्यांनी क्षयाची त्वचाचाचणी शोधली. क्षयजंतूंचा संसर्ग झालेल्याच्या ओरखडलेल्या त्वचेवर ट्यूबरक्युलिन लावले की दिवसा-दोन दिवसांत गाठ येते. हे काम प्रतिद्रव्यांचे नसून पांढऱ्या पेशींचे, हे पुढे कळले.

१९६३ मध्ये जेल व कूम्ब्स यांनी अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार केले : काही मिनिटांत उठणाऱ्या गांधी वा दमा, चुकीच्या गटाचे रक्त दिल्यावर होणारा पेशींचा नाश, घोड्याच्या द्रवाने होणारा आजार, आणि क्षयचाचणीसारखी उशिरा येणारी प्रतिक्रिया. यांपैकी शेवटच्या दोहोंचा पिर्के यांनी कसून अभ्यास केला होता.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील उपाशी मुलांना अन्न पुरविण्याचे कार्यही त्यांनी सांभाळले. दुर्दैवाने २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पत्नीसह त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

मित्रहो, जीव वाचविणाऱ्या औषधाचाही दोष त्यांनी झाकला नाही. तो तपासला, म्हणूनच नवे शास्त्र जन्मले. घरात प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या आम्हां मुलांनी हाच धडा घ्यावा : उपकार मानावेत, पण प्रश्न विचारणे सोडू नये.