तांब्याची धूळ आणि डिस्क ब्रेकचा जनक

अकोल्याच्या जठारपेठेत सायंकाळच्या गर्दीत उभे राहिले, की जवळजवळ प्रत्येक नव्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकात पोलादाची चकचकीत चकती दिसते. तिच्यावर नक्षीसारखी छिद्रांची रांग असते. ही छिद्रे शोभेसाठी आहेत असा तरुण मंडळींचा बहुधा समज असतो. गॅरेजमधल्या मिस्त्रीला मात्र त्यांची वेगळी ओळख असते. ब्रेकची काळी भुकटी या छिद्रांत साचते, पावसाळ्यात तिच्यात आपल्या वऱ्हाडची चिकट काळी माती मिसळते आणि ओलाव्याने तो लगदा आवळून बसतो. मग एकेक छिद्र तारेने कोरून मोकळे करावे लागते. अतिवेगवान मोटारींच्या मालकांची तक्रारही हीच असते, फक्त त्यांच्या चकत्या मोठ्या असतात आणि भुकटीही अधिक असते.

ही छिद्रे पाडली गेली ती तीन कारणांसाठी. ब्रेक पॅड फार तापले की त्यातील राळेतून वायू सुटतो आणि पॅड व चकती यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसतो. तो निघून जायला वाट हवी. पावसाचे पाणी निसटायला हवे आणि चकतीचे वजनही घटायला हवे. सत्तरच्या दशकात पोर्शेसारख्या कंपन्यांनी शर्यतीच्या मोटारींतून ही पद्धत रूढ केली. छिद्रे भुकटीने बुजली, की पहिली दोन कामे थांबतात. शिवाय चकती वारंवार तापून निवत राहिली, की छिद्रांच्या कडांपासून बारीक तडे जातात. आजच्या पॅडमधून वायू पूर्वीइतका सुटत नाही, त्यामुळे शर्यतीच्या मैदानात आता बऱ्याचदा छिद्रांऐवजी खाचांची चकती पसंत केली जाते.

मात्र ब्रेकच्या धुळीचे हे दुखणे आजचे नाही. ते डिस्क ब्रेकच्या जन्माबरोबरच आले, आणि ज्या माणसाने मोटारीसाठी या ब्रेकचे पहिले पेटंट घेतले, त्याची योजना याच झिजेने मोडीत काढली. त्या माणसाचे नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. यंत्रशास्त्राच्या आणि विमानविद्येच्या अभ्यासकांत ते आजही आदराने घेतले जाते, पण रोज डिस्क ब्रेक दाबणाऱ्या कोट्यवधी लोकांना ते ठाऊक नाही.

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. वडील वास्तुविशारद होते. थोरले बंधू हेन्री यांनी वडिलांचाच व्यवसाय पत्करला. जोधपूरचा प्रचंड उमेदभवन राजवाडा ही त्यांचीच रचना, म्हणजे लँचेस्टर घराण्याची एक खूण आपल्या देशातही उभी आहे. फ्रेडरिक यांचे शिक्षण साउदॅम्प्टन आणि नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे झाले. १८८८ मध्ये ते पदवी न घेताच बाहेर पडले. पेटंटसंबंधीची रेखाटने करून त्यांनी काही काळ काढला आणि १८८९ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सॉल्टली येथील गॅस इंजिनांच्या कारखान्यात आठवड्याला एक पौंड वेतनावर नोकरी धरली.

या नोकरीच्या करारात एक कलम होते. नोकरीत असताना त्यांनी केलेल्या सर्व सुधारणांवर मालकाचा हक्क राहील, असा त्याचा आशय होता. लँचेस्टर यांनी सही करण्यापूर्वी ते कलम खोडून टाकले. त्या काळात आणि त्या पगारावर हे धाडसच म्हणावे लागेल. लवकरच त्यांनी इंजिनाची गती नियंत्रित करणारे उपकरण शोधले, त्याचे पेटंट स्वतःच्या नावे घेतले आणि त्याच कारखान्याकडून स्वामित्वशुल्क मिळवले.

१८९६ च्या प्रारंभी त्यांची पहिली मोटार रस्त्यावर धावली. पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन असलेली ही गाडी म्हणजे घोडा काढून घेतलेली बग्गी नव्हती. सांगाडा, इंजिन, गिअर, स्प्रिंगा हे सारे एकमेकांचा विचार करून मुळापासून आखलेले होते. पुढे त्यांनी दोन सिलिंडरचे इंजिन केले. त्यातील दोन क्रँकशाफ्ट परस्परविरुद्ध दिशेने फिरून एकमेकांचा हादरा शमवीत. डिसेंबर १८९९ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात लँचेस्टर बंधूंची कंपनी स्थापन झाली. कोणताही सुटा भाग कोणत्याही गाडीत न घासता बसला पाहिजे, असा फ्रेडरिक यांचा दंडक होता आणि त्यासाठी मापे व साधनेही त्यांनी स्वतःच ठरवली. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांच्या आरंभीच्या ग्राहकांपैकी एक.

गाडी वेगाने धावू लागली, की ती थांबवण्याचा प्रश्न येतोच. त्या काळचे ब्रेक म्हणजे चाकाच्या धावेवर दाबला जाणारा ठोकळा किंवा ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा. दोन्ही तापत, घसरत आणि ओले झाले की निकामी होत. १९०२ मध्ये लँचेस्टर यांनी वेगळाच मार्ग पेटंटमध्ये मांडला. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती घ्यायची आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायचे. आजच्या डिस्क ब्रेकचे तत्त्व नेमके हेच आहे. आपल्या मोटारींत त्यांनी हा ब्रेक वापरलाही.

अडचण आली ती चिमट्याच्या अस्तराची. चकतीवर घासले जाणारे पृष्ठभाग कशाचे करावेत, याला तेव्हा फारसा पर्याय नव्हता. लँचेस्टर यांनी तांबे निवडले. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून ही निवड तर्काला धरून होती. परंतु धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज निघे, की रस्त्यावरच्या माणसांनी कान झाकावेत. त्याहून मोठा शत्रू खुद्द रस्ता होता. त्या वेळी इंग्लंडमधले रस्तेही डांबरी नव्हते, ते खडीचे आणि धुळीचे होते. चाकांनी उडवलेली धूळ उघड्या चकतीवर बसे, चिमट्यात शिरे आणि वाळूच्या कागदासारखी मऊ तांबे खरवडून काढी. अस्तर इतक्या लवकर झिजे, की हा ब्रेक व्यवहारात परवडेना. बंद ड्रमच्या आत धूळ कमी जाई, त्यामुळे पुढची पन्नास वर्षे ड्रम ब्रेकचे राज्य चालले. कल्पना बरोबर होती, पण तिला साजेसे द्रव्य आणि साजेसा रस्ता त्या काळाकडे नव्हता.

लँचेस्टर यांच्या आयुष्यात असे वारंवार घडले. गाड्यांना मागणी असूनही भांडवलाअभावी १९०४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. ती नव्याने उभी राहिली, मात्र फ्रेडरिक यांचे तिच्यातील स्थान आक्रसत गेले. १९०९ पासून ते डेमलर कंपनीचे सल्लागार झाले. धाकटे बंधू जॉर्ज यांनी लँचेस्टर मोटारींची परंपरा पुढे चालवली आणि या गाड्या भारतीय संस्थानिकांच्याही पसंतीस उतरल्या. इंजिनाचा हादरा शमवणारे दोन उलट फिरते दंड, हा फ्रेडरिक यांचा आणखी एक शोध. सत्तरच्या दशकात जपानी मोटार कंपन्यांनी तो पुन्हा उचलून धरला.

विमानविद्येत तर त्यांची उपेक्षा अधिक बोचरी आहे. पक्ष्यांच्या उड्डाणाचे निरीक्षण करून पंखाला उचल कशी मिळते आणि पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे का निर्माण होतात, याची उपपत्ती त्यांनी मांडली. १८९७ मधला त्यांचा निबंध विद्वत्संस्थांनी नाकारला. राइट बंधूंचे विमान उडाले ते १९०३ मध्ये. १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. परंतु त्यांची परिभाषा स्वतःची होती, गणित तुटपुंजे होते आणि वाचकांना ते उमगेना. पुढे जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी याच विषयाला काटेकोर गणिती रूप दिले आणि बहुतांश श्रेय तिकडे गेले. दोष सर्वस्वी जगाचा नव्हता. आपले म्हणणे दुसऱ्याला कळेल असे मांडण्याची चिकाटी लँचेस्टर यांच्याकडे कमी होती, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मांडलेले सैन्यबळाचे गणिती नियम मात्र आजही युद्धशास्त्रात त्यांच्याच नावाने शिकवले जातात.

१९१९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह केला. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले, १९३१ मध्ये गुगेनहाइम पदक मिळाले. पैसा मात्र आला नाही. डेमलरशी असलेला करार संपला, प्रयोगशाळा काढून ध्वनिवर्धक विकण्याचा उद्योग चालला नाही, कंपवाताने हात थरथरू लागले आणि दृष्टीही गेली. अखेरच्या काळात मोटार उद्योगाच्या संघटनेने दिलेल्या मदतीवर घर चालत होते. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममधील मोझली येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९५३ मध्ये, ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीची मोटार डिस्क ब्रेकच्या बळावर पहिली आली. त्या शर्यतीत प्रथमच विजेत्याचा सरासरी वेग ताशी शंभर मैलांच्या पुढे गेला. १९५५ मध्ये सित्रोएनने हा ब्रेक सर्वसामान्यांच्या मोटारीत आणला. तोवर तांब्याची जागा ॲस्बेस्टॉसने घेतलेली होती. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरली, तेव्हा तीही वस्तू हद्दपार झाली आणि तिच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याची भुकटी पुन्हा शिरली. ही तांब्याची धूळ पावसाबरोबर नदीनाल्यांत उतरून माशांना अपाय करते असे आढळल्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये कायदा केला. त्यानुसार २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या ब्रेक पॅडमध्ये वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक तांबे चालत नाही.