संत गोन्सालोंचा नाताळ

नाताळात करंज्यांचे ताट शेजारी पाठवावे आणि परतीचे ताट हलके आले की मी खट्टू होते. मग आपले संत गोन्सालो गार्सिया आठवतात. जन्म १५५७ च्या सुमारास, वसईतच, आई इथलीच. जपानात व्यापार चांगला चालला होता. तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानी भाषा येई, म्हणून १५९३ साली पुन्हा तिकडे गेले. परतफेडीची आशाच नाही अशा महारोग्यांची हे बंधू सेवा करीत. ८ डिसेंबर १५९६ रोजी त्यांना अटक झाली. तो नाताळ पहाऱ्यात गेला! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर प्राण दिले. १८६२ साली ते संत झाले. यंदा परतीच्या ताटाकडे पाहायचे नाही, असे ठरविले आहे. जमेल की नाही, सांगवत नाही.