व्हिलाला वर आणणारे जिमी हॉगन

१९३६ च्या वसंतात इंग्लंडमधील फुटबॉलप्रेमींनी कल्पनाही केली नव्हती ते घडले. बर्मिंगहॅमचा ॲस्टन व्हिला हा संघ पहिल्या विभागातून खाली घसरला. १८८८ साली फुटबॉल लीगची स्थापना झाली, ती व्हिलाचेच कारभारी विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने. तेव्हापासून जवळजवळ अर्धशतक व्हिलाने वरचा विभाग कधी सोडला नव्हता. सहा वेळा लीगचे विजेतेपद आणि सहा वेळा एफए चषक त्याच्या नावावर होता. १९३०-३१ च्या हंगामात या संघाने लीगमध्ये १२८ गोल केले होते आणि वरच्या विभागातील हा विक्रम आजही मोडलेला नाही. अवघ्या पाच वर्षांनी त्याच संघाने एका हंगामात ११० गोल स्वीकारले. शेजारच्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने व्हिलाला त्याच्याच मैदानावर ७-० असे लोळवले. डिसेंबरमध्ये आर्सेनल ७-१ असा जिंकला आणि आर्सेनलचे सातही गोल एकट्या टेड ड्रेक यांनी केले.

पदावनती म्हणजे काय, हे गोव्यातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला, तेव्हा त्या चाहत्यांना जे वाटले असेल तेच १९३६ मध्ये बर्मिंगहॅमच्या गिरणी-कारखान्यांतील माणसांना वाटले. धेंपोने पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले. व्हिलाला मात्र दोन हंगाम लागले. ते काम ज्यांनी केले, त्या जिमी हॉगन यांना त्यांच्या देशात तोपर्यंत फारसे कोणी मोजत नव्हते.

हॉगन यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८८२ रोजी लँकेशायरमधील नेल्सन या गिरणगावात, आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्याला मँचेस्टरच्या सेंट बीड्स महाविद्यालयात धाडण्यात आले. तेथे तो विद्यार्थिप्रमुखही झाला. पण धर्मपीठाऐवजी त्याने फुटबॉलचे मैदान निवडले. गुरुकुलातील शिस्त आणि शिकवण्याची ओढ मात्र आयुष्यभर राहिली.

खेळाडू म्हणून हॉगन असामान्य नव्हते. बर्नली, फुलहॅम, बोल्टन अशा संघांत ते आतल्या आघाडीवर खेळले. बर्नलीत असताना त्यांचा एक फटका गोलखांबावरून गेला. आपले नेमके काय चुकले, पाय चुकीचा पडला की शरीराचा तोल गेला, असे त्यांनी व्यवस्थापकांना विचारले. मारत राहा, दहापैकी दोन लागले तरी पुष्कळ, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. चुकण्याला कारण असते आणि ते शोधता येते, अशी त्यांची खूणगाठ त्या दिवशी बांधली गेली. १९०८ मध्ये ते बोल्टनला गेले, तेव्हा तो संघ नुकताच दुसऱ्या विभागात घसरलेला होता. त्याच हंगामात तो विजेता म्हणून वर आला आणि लगेच पुढच्या हंगामात पुन्हा खाली गेला. चढ-उताराचा हा पाळणा त्यांनी खेळाडू म्हणून अनुभवला होता.

बोल्टनच्या हॉलंड दौऱ्यात डॉर्ड्रेख्टच्या हौशी संघाचा दहा गोलांनी धुव्वा उडाला. या मुलांना खेळ शिकवायला आपण परत येऊ, असे हॉगन यांनी तेव्हाच मनाशी ठरवले आणि १९१० मध्ये ते खरेच डॉर्ड्रेख्टला प्रशिक्षक म्हणून गेले. त्या वेळी इंग्लंडमध्ये प्रशिक्षक ही कल्पनाच परकी होती. खेळाडूने मैदानाला फेऱ्या माराव्यात, दोरीवरच्या उड्या माराव्यात आणि शनिवारच्या सामन्यासाठी चेंडूची भूक टिकावी म्हणून आठवडाभर चेंडूपासून दूर राहावे, असा तिकडचा सराव होता. हॉगन यांना हे सगळे उलटे वाटे. ज्याच्याशी शनिवारी दीड तास झुंजायचे, त्याचाच आठवडाभर सहवास नको, हे कोणत्या कलेच्या शिक्षणात चालते? संगीताच्या गुरूने शिष्याला मैफलीपर्यंत तानपुऱ्याला हात लावू नकोस असे सांगावे, तसाच हा प्रकार होता.

१९१२ मध्ये ऑस्ट्रियाचे ह्युगो माइझल यांनी त्यांना व्हिएन्नाला बोलावले आणि दोघांची जोडी जमली. चेंडू जमिनीवर ठेवायचा, जवळच्या साथीदाराकडे आखूड पास द्यायचा आणि पास देऊन मोकळ्या जागेत सरकायचे, असे ते शिकवू लागले. दोन वर्षांनी महायुद्ध पेटले आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून हॉगन यांना अटक झाली. पत्नी आणि मुले कालांतराने इंग्लंडला परतू शकली. ते स्वतः अडकून पडले. व्हिएन्नातील एका इंग्रज व्यापारी घराण्याच्या आश्रयाला राहून त्यांनी पडेल ती कामे केली. मग बुडापेस्टच्या एमटीके क्लबने खटपट करून त्यांना आपल्याकडे नेले. युद्धामुळे संघ विस्कटलेला होता. हॉगन यांनी ग्यॉर्गी ऑर्थ आणि योझेफ ब्राउन ही दोन कोवळी मुले हेरली आणि त्यांच्याभोवती नवा संघ उभा केला. १९१६-१७ मध्ये एमटीकेने हंगेरीचे विजेतेपद मिळवले, ते १९२५ पर्यंत हातचे सोडले नाही.

युद्ध संपल्यावर हॉगन मायदेशी आले तेव्हा खिसा रिकामा होता. युद्धात नुकसान झालेल्या फुटबॉल व्यावसायिकांसाठी २०० पौंडांची मदत मिळते, असे ऐकून ते लंडनला इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात गेले. हॉगन पुढे सांगत असत त्याप्रमाणे, तिथले सचिव फ्रेडरिक वॉल यांनी त्यांना खाकी मोज्यांचे तीन जोड दिले आणि आघाडीवरच्या सैनिकांना एवढ्यातही आनंद व्हायचा, असे सुनावले. शत्रूच्या देशात फुटबॉल शिकवत बसलेला माणूस, हा त्यामागचा अर्थ त्यांना कळायचा तो कळला. मोज्यांची ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत.

पुढची पंधरा वर्षे ते युरोपभर फिरले. स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि लोझान, पुन्हा बुडापेस्ट, मग जर्मनीत ड्रेस्डेन. त्यांचे जर्मन अडखळत असे. एका व्याख्यानात शब्द अपुरे पडू लागले तेव्हा ते आत गेले, फुटबॉलचा पोशाख घालून बाहेर आले आणि अनवाणी पायांनी चेंडू फळीवर मारून त्यांनी आपला मुद्दा सिद्ध केला. ड्रेस्डेनच्या त्यांच्या शिष्यांत हेल्मुट श्योन नावाचा एक तरुण होता. १९३२ च्या डिसेंबरात माइझल यांचा ऑस्ट्रियन संघ लंडनला आला, इंग्लंडकडून ४-३ असा हरला. पण त्या संघाच्या खेळाने इंग्रज प्रेक्षक भारावून गेले. त्या संघाच्या सरावावर हॉगन यांचाच हात फिरला होता.

तरीही इंग्लंडमधील पहिली संधी त्यांच्या वाट्याला कडवट आली. १९३४ मध्ये फुलहॅमने त्यांना व्यवस्थापक नेमले. मुरलेल्या व्यावसायिक खेळाडूंना चेंडू कसा अडवावा, हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवले जाणे आवडले नाही. ३१ सामन्यांनंतर, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर ते रुग्णालयात असतानाच, त्यांना काढून टाकण्यात आले. अनुभवी खेळाडूंना प्रशिक्षणाची गरज नाही, हे त्यामागचे कारण. ते व्हिएन्नाला परतले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाचा हौशी संघ त्यांनी अंतिम फेरीत नेला. तिथे जादा वेळेत इटली २-१ ने जिंकला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिलाचे बोलावणे आले. फ्रेड रिंडर हे क्लबचे वयोवृद्ध संचालक त्यामागे होते. व्हिलात १९३४ पर्यंत व्यवस्थापक हे पदच नव्हते. संचालकांची समिती संघ निवडत असे. पहिले व्यवस्थापक जिमी मॅकमुलन लवकरच गेले. मग घसरण थांबवण्यासाठी क्लबने पैसा ओतला. १०,७७५ पौंडांना आणलेले मध्यरक्षक जिमी ॲलन आधीपासून होते, त्यांच्या जोडीला स्कॉटलंडहून ॲलेक्स मॅसी आणि जॉर्ज कमिंग्ज आले. एवढे होऊनही संघ बुडाला. याचा अर्थ उघड होता, आणि तो व्हिलाच्या कारभाऱ्यांना कळला हे त्यांचे श्रेय. फुलहॅमच्या खेळाडूंना जी शिकवणी अपमानास्पद वाटली, ती व्हिलाने मागून घेतली. याचे कारण माझ्या मते पदावनतीत आहे. सहा विजेतेपदांचा अभिमान बाळगणाऱ्या क्लबला आपल्याला सगळे येते, असे १९३६ नंतर म्हणता येत नव्हते.

हॉगन तेव्हा ५४ वर्षांचे होते. ते स्वतः मैदानात उतरून चेंडू छातीवर घेऊन पायाशी कसा आणावा, हे करून दाखवत. सराव चेंडूनेच होऊ लागला. पहिला हंगाम अर्ध्यावर हाती आला होता. व्हिला दुसऱ्या विभागात नवव्या स्थानी राहिला. चाहते अस्वस्थ झाले, पण या वेळी हॉगन यांना कोणी काढले नाही. दरम्यान जानेवारी १९३७ मध्ये रॉनी स्टार्लिंग संघात आले. दोन वर्षांपूर्वी शेफील्ड वेन्सडेने एफए चषक जिंकला, तो याच स्टार्लिंग यांच्या नेतृत्वाखाली. चेंडू पायाशी ठेवून खेळाची गती ठरवणारा असा माणूस हॉगन यांच्या पद्धतीला हवाच होता. पुढे वेगवान फ्रँक ब्रूम आणि डाव्या बगलेवर तोफेसारखा फटका असलेले एरिक हॉटन होते. मागे ॲलन, मॅसी, कमिंग्ज. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर पैसा वाया गेला असे म्हटले गेले, तीच ही माणसे.

त्या काळी विजयाला दोन गुण मिळत आणि दोनच संघ वर जात. तिसऱ्या संघाच्या पदरी काही पडत नसे. १९३७-३८ च्या हंगामात व्हिलाने ४२ पैकी २५ सामने जिंकले, सात बरोबरीत सोडवले, दहा गमावले. ५७ गुणांसह तो विजेता ठरला. मँचेस्टर युनायटेड आणि शेफील्ड युनायटेड यांचे प्रत्येकी ५३ गुण झाले आणि गोलसरासरीच्या बळावर मँचेस्टर वर गेले. व्हिलाने ७३ गोल केले आणि ३५ स्वीकारले. दोन वर्षांपूर्वीच्या ११० शेजारी हे ३५ ठेवून पाहावे. विभाग वेगळा होता हे मान्य, तरी एवढा फरक केवळ प्रतिस्पर्धी दुबळे असल्याने पडत नाही. शिवाय एफए चषकातही व्हिला उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे पहिल्या विभागातील प्रेस्टनकडून तो २-१ असा हरला आणि त्या वर्षीचा चषक प्रेस्टननेच नेला. व्हिला वर आला त्याच वसंतात पहिल्या विभागातून दोन संघ खाली गेले: आदल्या वर्षीचा विजेता मँचेस्टर सिटी, आणि व्हिलाला घरात सात गोल चारणारा शेजारी वेस्ट ब्रॉमविच अल्बियन.

हंगाम संपताच मे महिन्यात व्हिलाचा संघ जर्मनीच्या दौऱ्यावर गेला. १५ मे रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर त्याने जर्मन निवड संघाला ३-२ असे हरवले. आदल्याच दिवशी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने त्याच मैदानावर नाझी सलाम केला होता. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि व्हिलासमोरच्या त्या संघात ऑस्ट्रियाचे खेळाडू जर्मनीच्या नावाने उतरले होते. माइझल आदल्या वर्षीच वारले होते. हॉगन यांनी ज्या व्हिएन्नाला फुटबॉल शिकवला, ती व्हिएन्ना नकाशावर स्वतंत्र राष्ट्राची राजधानी उरली नव्हती.

पहिल्या विभागातील पुनरागमनाचा हंगाम व्हिलाने मधल्या स्थानांवर काढला. १९३९ मध्ये युद्ध पुन्हा आले आणि हॉगन यांचे व्हिलातील काम थांबले. त्यांचे दुसरे मोठे कामही युद्धानेच मोडले.

युद्धानंतर ते ब्रेंटफर्डला आणि १९४८ पासून ग्लासगोच्या सेल्टिकमध्ये प्रशिक्षक होते. सेल्टिकमधील बऱ्याच जणांना हा वयस्कर शिक्षक गमतीचा वाटे. टॉमी डॉकर्टी नावाचा एक तरुण मात्र कान देऊन ऐकत असे. पुढे हॉगन व्हिलात परतले, ते युवा खेळाडूंना घडवण्यासाठी. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे पाणी पाजले, तेव्हा व्हिलाच्या मुलांना घेऊन ते प्रेक्षकांत बसले होते. सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनी विजयाचे श्रेय उघडपणे हॉगन यांच्या शिकवणीला दिले. मायदेशात काही जणांना तेव्हाही हा माणूस फितूर वाटला.

३० जानेवारी १९७४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, बर्नली येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैत त्यांचे ड्रेस्डेनचे शिष्य हेल्मुट श्योन यांच्या पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी डॉकर्टी यांचा मँचेस्टर युनायटेड दुसऱ्या विभागात घसरला आणि एका हंगामात परत वर आला. १९७५ च्या त्या गुणतक्त्यात वर जाणाऱ्यांत पहिला होता मँचेस्टर युनायटेड आणि दुसरा ॲस्टन व्हिला. १९३८ मध्ये हेच दोन संघ एकत्र वर आले होते, फक्त क्रम उलटा होता.