सर्पगंधेचा वकील

आडनावाने वकील, पेशाने डॉक्टर आणि बाजू मांडली ती एका मुळीची! डॉ. रुस्तम जाल वकील यांचे नाव रक्तदाब आणि हृदयरोगाच्या संदर्भात घेतले जाते. पण आम्हा बीडकरांना ते निराळ्या कारणासाठी ठाऊक असावे, असे मला वाटते. माझ्या लहानपणी आमच्या गावी भ्रमिष्ट माणसाला देवऋषीकडे नेत, नाहीतर खांबाला बांधून ठेवत. स्किझोफ्रेनिया हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. त्या दाव्यातून माणसे सोडवणाऱ्या औषधांच्या कथेत हा मुंबईचा पारशी डॉक्टर येतो.

जन्म १९११ चा, मुंबईतला. वैद्यकीचे शिक्षण लंडनला, मग पुन्हा मुंबई आणि केईएम रुग्णालय. विलायती पदवी घेऊन आलेला माणूस सहसा देशी मुळीकडे ढुंकून पाहत नसे. वकिलांनी पाहिले. सर्पगंधा वेडावर देण्याची वैद्यांची रीत जुनीच होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते, असा लेख लिहिला. तोही इंग्रजीत! पण छापला हिंदुस्थानी नियतकालिकात. साहेबाच्या तो गावीही नव्हता. वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि पाश्चात्त्यांचे डोळे उघडले. मुळी तीच, पत्ता तेवढा बदलला.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले; तो लेख जर्मनमध्ये होता. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले, १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. सेन-बोस यांच्या लेखानंतर तेवीस वर्षांनी! तेवढ्या काळात किती घरांतले दोरखंड तसेच राहिले असतील? तिकडे पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला होता. माँट्रियलच्या हाइन्झ लेमन यांना फ्रेंच वाचता येत होते, म्हणून ते औषध त्यांच्या रुग्णांपर्यंत लवकर पोहोचले. योगायोगच म्हणायचा.

१९५७ चे अमेरिकेतले लास्कर पारितोषिक क्लाइन, लेमन यांच्यासोबत वकिलांनाही मिळाले, पुढच्या वर्षी पद्मभूषण. रिसर्पिन मात्र मागे पडले. काही रुग्णांना त्याने खिन्नता येते, अशा तक्रारी आल्या आणि क्लोरप्रोमाझिनची सरशी झाली.

वकील १९७४ मध्ये गेले. त्याच सुमारास आमच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. केज-धारूरकडून लेकाला घेऊन आलेली आई तिथे सारे मराठीत सांगते. केसपेपरवर त्याचे इंग्रजी होते.