इशारा देणारा डॉक्टर

११ जानेवारी १९६४. वॉशिंग्टनमधील अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सभागृहात पत्रकार जमले होते. दिवस शनिवारचा होता आणि तो मुद्दाम निवडला होता. शेअर बाजार बंद असल्याने बातमीचा हादरा लगेच तेथे पोहोचणार नव्हता आणि रविवारच्या वृत्तपत्रांत तिला पहिल्या पानावर जागा मिळणार होती. दारे बंद करून पत्रकारांच्या हाती ३८७ पानांचा अहवाल देण्यात आला. तो वाचायला वेळ देऊन मग प्रश्नोत्तरे सुरू झाली. उत्तरे देण्यासाठी व्यासपीठावर होते अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे संघराज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे प्रमुख, डॉ. ल्यूथर टेरी. सिगारेट ओढल्याने पुरुषांना फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे त्या दिवशी अमेरिकी सरकारने निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले.

एवढी मोठी घटना ज्याच्या नावाशी जोडली गेली, तो माणूस वृत्तीने चळवळ्या नव्हता. ल्यूथर लिओनायडस टेरी यांचा जन्म १५ सप्टेंबर १९११ रोजी अलाबामा राज्यातील रेड लेव्हल या लहानशा गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाचे नाव त्यांनी डॉ. ल्यूथर लिओनायडस हिल या शल्यविशारदाच्या नावावरून ठेवले. जखमी हृदयाला टाके घालून रुग्णाला वाचवण्याचा अमेरिकेतील पहिला यशस्वी प्रयत्न याच डॉ. हिल यांनी १९०२ मध्ये केला होता. टेरी यांनी १९३१ मध्ये बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९३५ मध्ये ट्युलेन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. काही काळ अध्यापन केल्यावर १९४२ मध्ये ते बाल्टिमोर येथील सार्वजनिक आरोग्य सेवेच्या रुग्णालयात रुजू झाले. पुढे राष्ट्रीय हृदयसंस्थेत संशोधन करताना ते तिच्या सहायक संचालकपदापर्यंत पोहोचले. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी त्यांची सर्जन जनरलपदी नेमणूक केली, तेव्हा एक सौम्य स्वभावाचा दक्षिणी डॉक्टर यापलीकडे त्यांची फारशी ओळख नव्हती. विशेष म्हणजे ते स्वतः सिगारेट ओढत असत.

तो काळ सिगारेटच्या वैभवाचा होता. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला सरासरी ४,३०० हून अधिक सिगारेटी खपत. डॉक्टर तपासणीच्या खोलीत सिगारेट शिलगावत आणि सैनिकांच्या शिध्यात सिगारेटी असत. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लिंटस्टोन्स’ या दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्र मालिकेची एक प्रायोजकही सिगारेट कंपनीच होती. मुले ज्या पात्रांवर जीव टाकत, तीच पात्रे जाहिरातीत धूर सोडताना दिसत.

विज्ञान मात्र गप्प नव्हते. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले होते. तंबाखू कंपन्यांनी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापून हे पुरावे अपुरे असल्याचे सांगितले. संशोधनाला आपण पैसा पुरवू, असे आश्वासनही दिले. तेव्हापासून शंका जिवंत ठेवणे हेच त्यांचे धोरण बनले. टेरी यांच्या आधीचे सर्जन जनरल लेरॉय बर्नी यांनी १९५७ मध्ये धोक्याची जाणीव करून दिली होती, पण एका अधिकाऱ्याचे मत म्हणून ते बाजूला सारले गेले.

जून १९६१ मध्ये कर्करोग, हृदयरोग, क्षयरोग आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतील चार मोठ्या संस्थांनी केनेडी यांना पत्र लिहून आयोग नेमण्याची मागणी केली. तंबाखू पिकवणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधी संसदेत बलवान होते. त्यामुळे व्हाइट हाउस टाळाटाळ करत राहिले. मार्च १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा सिगारेटविरोधी अहवाल आला. त्यानंतर मे महिन्यात पत्रकार परिषदेत प्रश्न विचारला गेला, तेव्हा केनेडी यांनाही ठोस उत्तर देता आले नाही. दोनच आठवड्यांनी, ७ जून १९६२ रोजी टेरी यांनी तज्ज्ञ समिती नेमण्याची घोषणा केली.

टेरी यांचे खरे कर्तृत्व या समितीच्या रचनेत आहे. जुलैमध्ये त्यांनी आरोग्य संस्था, सरकारी खाती आणि तंबाखू उद्योगाची संघटना यांना एकाच बैठकीला बोलावले. दीडशेहून अधिक शास्त्रज्ञांची यादी सर्वांसमोर ठेवली आणि कोणतेही नाव वगळण्याचा अधिकार प्रत्येक पक्षाला दिला. धूम्रपानाविषयी पूर्वी जाहीर भूमिका घेतलेल्या कोणालाही समितीत स्थान नव्हते. अशा चाळणीतून निवडलेल्या दहा जणांपैकी निम्मे स्वतः धूम्रपान करणारे होते. हार्वर्डचे ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ लुई फायझर आणि संख्याशास्त्रज्ञ विल्यम कॉक्रन हे त्यांतलेच. उद्योगाच्या संमतीने बसलेल्या पंचांवर पक्षपाताचा आरोप पुढे कोण करणार? सिगारेट अपायकारक आहे की नाही, एवढेच समितीने ठरवायचे होते. उपाययोजना नंतरच्या टप्प्यासाठी राखून ठेवली होती.

नोव्हेंबर १९६२ पासून बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या इमारतीत हे काम चालले. सात हजारांहून अधिक शोधनिबंध तपासले गेले. केवळ आकड्यांच्या जोडीवरून कार्यकारणसंबंध मानता येत नाही, याचे भान समितीला होते. म्हणून वेगवेगळ्या अभ्यासांत तोच निष्कर्ष येतो का, संबंध किती प्रबळ आहे, सवय आधी आणि रोग नंतर असा क्रम दिसतो का, अशा कसोट्या तिने लावल्या. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध या साऱ्या कसोट्यांना उतरला. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्युदर इतरांहून ७० टक्क्यांनी जास्त होता. सरासरी धूम्रपान करणाऱ्याला या कर्करोगाचा धोका नऊ ते दहा पट, तर अतिधूम्रपान करणाऱ्याला किमान वीस पट होता. हृदयरोगाच्या बाबतीत मात्र कारण सिद्ध झाले असे म्हणण्याचे समितीने टाळले. जेथे पुरावा कमी तेथे थांबण्याच्या या संयमामुळेच तिच्या ठाम निष्कर्षांना वजन आले.

मुलांविषयीचे अहवालातील निरीक्षण आजही अस्वस्थ करणारे आहे. बाराव्या वर्षापूर्वी सिगारेट ओढणारी मुले पाच टक्क्यांहून कमी असत. शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत हेच प्रमाण ४० ते ५५ टक्क्यांवर जाई. सिगारेटचा ग्राहक शाळेच्या वयातच घडतो, हे त्यातून स्पष्ट होत होते. पण याच अहवालात एक मोठी उणीवही राहिली. समितीने तंबाखूच्या ओढीला व्यसन न म्हणता केवळ सवय म्हटले. सवय असेल तर मनावर घेऊन ती सोडता येते आणि दोष ओढणाऱ्याचा ठरतो. निकोटीन व्यसनकारक आहे हे सर्जन जनरलच्या अहवालात स्पष्टपणे नोंदले जायला १९८८ साल उजाडावे लागले. मधल्या चोवीस वर्षांत शाळकरी वयात अडकलेल्या पिढ्यांना ही चूक महागात पडली.

अहवालाच्या सुमारास टेरी यांनी स्वतः सिगारेट सोडली. आरोग्य सेवेच्या रुग्णालयांतील सिगारेटींचे मोफत वाटपही त्यांनी थांबवले. सुरुवातीला विक्री घसरली, पण लवकरच सावरली. निष्कर्ष काढणे सोपे आणि त्यावर कायदा करणे कठीण, हे सरकारला कळून चुकले. पाकिटावर आणि जाहिरातींतही इशारा असावा, असा नियम व्यापार आयोगाने १९६४ मध्ये केला. त्याच वर्षी उद्योगाने तरुणांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती न करण्याची स्वयंघोषित आचारसंहिता पुढे केली. अखेर संसदेने १९६५ मध्ये जो कायदा केला त्यात इशारा केवळ पाकिटापुरता राहिला आणि शब्दही मिळमिळीत होते. जाहिरातींना काही वर्षांचे अभय मिळाले आणि राज्यांचे हातही बांधले गेले. १ जानेवारी १९६६ पासून पाकिटांवर तो इशारा झळकू लागला. त्याआधीच, ऑक्टोबर १९६५ मध्ये टेरी यांनी पद सोडून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकीय विभागाचे उपाध्यक्षपद स्वीकारले होते.

पद गेले तरी काम सुटले नाही. ज्या माणसाने समितीला केवळ निर्णय देण्यास सांगितले होते, तो आता उपायांसाठी झगडू लागला. धूम्रपानविरोधी संस्थांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद व्हाव्यात यासाठी पाठपुरावा केला. १९७० मध्ये तसा कायदा झाला आणि २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेतील दूरचित्रवाणी व रेडिओ या जाहिरातींपासून मुक्त झाले. त्याच कायद्याने पाकिटावरचा इशारा अधिक कडक झाला. धूम्रपान घातक असल्याचा निर्वाळा सर्जन जनरलने दिला आहे, असा उल्लेख त्यात आला. टेरी यांनी भूषवलेल्या पदाचे नाव अशा रीतीने कोट्यवधी खिशांत पोहोचले. भारतातही १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणे बंधनकारक झाले.

२९ मार्च १९८५ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदयविकाराने टेरी यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. लहान वयातील ग्राहकाला रोखण्याचे काम तेव्हा अपुरेच होते. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूविक्री रोखण्याची सक्ती राज्यांवर करणारी तरतूद १९९२ मध्ये झाली. अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये केलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये रद्द ठरवले. तंबाखूच्या नियमनाचा अधिकार संसदेने या प्रशासनाला दिला तो थेट २००९ मध्ये. विक्रीसाठी किमान वय २१ वर्षे करणारा संघीय कायदा यायला डिसेंबर २०१९ उजाडला आणि तोवर ई-सिगारेटच्या रूपाने नवा धूर शाळांत शिरला होता.

१९६५ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४२ टक्के प्रौढ सिगारेट ओढत. २०२१ मध्ये हे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्क्यांवर आले. या घसरणीचे श्रेय एकट्या टेरी यांचे नाही, तसा दावा त्यांनीही केला नसता. मात्र १९६४ च्या त्या शनिवारनंतर सिगारेटच्या अपायाबाबत माहिती नव्हती, ही सबब कोणत्याही सरकारला सांगता आली नाही. मुलांच्या हाती सिगारेट पोहोचण्यापूर्वी ती अडवायला जो उशीर झाला, त्याचा जाब म्हणूनच विज्ञानाला विचारता येत नाही.